तापानुकूलन, चयापचय आणि ओली त्वचा : प्लेथोडॉन मेटकाफी या सॅलमँडराचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या दक्षिण भागात, मुख्यतः अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या साउथ कॅरोलायना व जॉर्जियाच्या डोंगराळ कडेला, प्लेथोडॉन मेटकाफी नावाचा एक सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरांपैकी एक, राहतो. ब्रिम्ली यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे बराच काळ तो प्लेथोडॉन जॉर्डनी या जातीचाच एक प्रकार समजला जात होता आणि २००० साली हायटन व पीबॉडी यांच्या अभ्यासानंतर त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले. अंगाने काळपट, गालांवर करडी छटा असलेला हा प्राणी दिवसभर दगडांखाली, कुजणाऱ्या ओंडक्यांखाली आणि जमिनीतील भेगांत दडून असतो व दमट रात्री बाहेर येऊन किडे, कोळी, मुंग्या खातो. त्याची अंडी ओलसर जमिनीतच घातली जातात आणि त्यांतून थेट छोटे सॅलमँडर बाहेर पडतात, म्हणजे बेडकाच्या भैकेरासारखी (बेडूकमाशासारखी) पाण्यातली अवस्था त्याच्या आयुष्यात येत नाही.

या प्राण्याला फुप्फुसे नाहीत. तो ज्या प्लेथोडॉन्टिडी कुलात मोडतो त्यातील एकाही प्रौढ प्राण्याला ती नसतात, आणि जगातील सॅलमँडरांच्या निम्म्याहून अधिक जाती याच कुलातील आहेत. प्राणवायूचा बहुतांश भाग त्वचेतून आणि उरलेला तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून शरीरात येतो. त्यासाठी त्वचा पातळ, केशवाहिन्यांनी भरलेली आणि कायम ओली असावी लागते. जी त्वचा श्वास घेऊ देते तीच पाणी बाहेर जाऊ देते, ही एक गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

प्रकरण उभे राहते ते दोन परस्परविरोधी भाकितांमुळे. २०१० मध्ये मिलानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅपलेशियन प्रदेशातील ४१ फुप्फुसहीन जातींचे आजचे वसतिस्थान आणि हवामान यांचा संबंध बसवून भविष्याचे नकाशे तयार केले, आणि हवामान तापत गेल्यास त्यांच्या योग्य अधिवासात मोठी घट होईल असे त्यांतून निघाले. २०१८ मध्ये एरिक रिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रदेशासाठी, प्राण्याच्या ऊर्जेच्या जमाखर्चावर आधारलेले वेगळ्या धाटणीचे गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडले. प्राणी आपला चयापचय आणि त्वचेतून होणारी पाण्याची हानी तापमानानुसार बदलू शकतो, ही क्षमता आणि वाईट हवा टाळण्याचे त्याचे वर्तन हिशेबात धरले तर नामशेष होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी निघतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोंगर तेच, तापमानवाढही त्याच दिशेची, आणि उत्तरे मात्र इतकी दूरची. हे अंतर कशातून आले, आणि चयापचयाच्या तापानुकूलनावर, म्हणजे नव्या तापमानात काही काळ राहून त्याला सरावण्याच्या क्षमतेवर, आपण किती भार टाकू शकतो, हे या लेखात तपासायचे आहे.

खर्चाची बाजू

सॅलमँडर स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखत नाही. त्यामुळे भोवतालची हवा आणि माती जशी तापते तसे त्याच्या पेशींतील रासायनिक व्यवहार वेगाने होऊ लागतात. तापमान १० अंश सेल्सियसने वाढल्यास चयापचयाचा दर किती पट होतो, हे दाखवणाऱ्या गुणोत्तराला क्यू-१० म्हणतात आणि असमतापी प्राण्यांत ते बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान असते. याचा अर्थ असा की काहीही न करता, नुसते दगडाखाली पडून राहण्याची किंमत उबदार उन्हाळ्यात दुप्पट होऊ शकते. सॅलमँडरांचा चयापचय मुळात पृष्ठवंशीय प्राण्यांत अतिशय मंद आहे आणि शेपटीत साठवलेल्या चरबीवर ते दीर्घकाळ उपाशी राहू शकतात. तथापि मंद दर दुप्पट झाला तरी तो दुप्पटच असतो, आणि साठा मात्र तेवढाच राहतो.

येथे तापानुकूलन हिशेबात येते. प्राण्याला काही आठवडे उबदार स्थितीत ठेवले आणि मग त्याच उबदार तापमानाला मोजले, तर त्याचा दर अनेकदा अचानक ऊब दिलेल्या प्राण्यापेक्षा कमी आढळतो. ही गोष्ट पेशींच्या पातळीवर घडते. थंडीत अपुऱ्या पडणाऱ्या रासायनिक वेगाची भरपाई म्हणून विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण आणि तंतुकणिकांची (ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची) संख्या वाढलेली असते, ती उबेत कमी होते. पेशीपटलातील मेदाम्लांचे मिश्रणही बदलते, जेणेकरून पटलाची तरलता एका मर्यादेत राहावी.

भरपाई किती झाली हे कसे ठरवतात, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे कोणत्याही प्रयोगातील नसून तर्क दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, १२ अंशांना सरावलेल्या प्राण्याचा १२ अंशांवरील दर १०० एकक आहे आणि क्यू-१० २.४ आहे. त्याला एकाएकी २० अंशांत नेले तर दर सुमारे २०१ होईल. आता त्याच जातीचा, २० अंशांत अनेक आठवडे राहिलेला प्राणी २० अंशांवर १६० एकक खर्च करताना आढळला, तर वाढलेल्या १०१ एककांपैकी ४१ एककांची, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांची भरपाई झाली असे म्हणता येईल. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हर्बर्ट प्रेख्त यांनी १९५० च्या दशकात केलेल्या वर्गीकरणात हा अंशतः भरपाईचा प्रकार आहे. पूर्ण भरपाई, गरजेपेक्षा जास्त भरपाई, भरपाईचा पूर्ण अभाव आणि उलट दिशेचा बदल हे त्यातील बाकीचे प्रकार होत.

परंतु १६० हा एकच आकडा दोन अगदी वेगळ्या घटनांतून येऊ शकतो, आणि माझ्या मते या विषयावरील बरेच लेखन येथेच घाई करते. पहिली शक्यता अशी की दर आणि तापमान यांचा संपूर्ण वक्र खाली सरकला आहे. मग हाच प्राणी परत १२ अंशांवर नेला तर त्याचा दर १०० न राहता ८० च्या आसपास दिसेल. दुसरी शक्यता अशी की १२ अंशांवरचा दर १०० च आहे, पण वक्राचा चढ मंदावला आहे. त्यासाठी क्यू-१० २.४ वरून १.८ पर्यंत उतरावा लागतो. पहिल्या प्रकारचा प्राणी थंड रात्री सुस्त पडेल, दुसऱ्या प्रकारचा पडणार नाही. डोंगरावर जिथे एकाच आठवड्यात उबदार आणि थंड रात्री येतात, तिथे हा फरक भक्ष्य मिळण्या-न मिळण्याचा आहे. म्हणून दोन्ही गटांचे प्राणी दोन्ही तापमानांवर मोजल्याशिवाय भरपाईचा टक्का सांगण्यात फारसा अर्थ नसतो.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. प्राण्याला छोट्या नळीत ठेवून तिच्यातून ठरावीक वेगाने हवा सोडली जाते आणि बाहेर पडणाऱ्या हवेतील प्राणवायूची घट, कार्बन डायऑक्साइडची वाढ व बाष्पाची वाढ नोंदवली जाते. पोटात अन्न असले तर पचनाचा खर्च मिसळतो, म्हणून आधी उपवास घडवावा लागतो. प्राणी निशाचर असल्याने दिवस-रात्रीचा फरक पडतो. तो हालचाल करत असेल तर ती नोंद बाजूला काढावी लागते, आणि मोठ्या-लहान प्राण्यांची तुलना करताना वजनाचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो हे ध्यानात ठेवावे लागते. या प्राण्याचे दर इतके कमी असतात की यांपैकी कोणतीही एक हयगय तापानुकूलनाएवढाच मोठा भास निर्माण करू शकते.

कमी झालेला दर नेहमी चांगलाच असतो का

याच पर्वतरांगेतील दुसऱ्या एका सॅलमँडर गटावरील काम येथे मुद्दाम शेजारी ठेवायला हवे. जोसेफ बर्नार्डो आणि जेम्स स्पोटिला यांनी २००६ मध्ये डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवरील वस्त्यांतून आणलेल्या सॅलमँडरांचा चयापचय तपासला. खालच्या व मधल्या उंचीवर निसर्गतः अनुभवास येणाऱ्या तापमानांतच या प्राण्यांचा चयापचय लक्षणीय प्रमाणात दबलेला त्यांना आढळला, आणि मूळ वस्ती जितकी खालची तितके हे दबणे अधिक होते. खालच्या वस्त्या आपल्या सहनशक्तीच्या कडेवर आधीच जगत आहेत, असा अर्थ त्यांनी लावला.

आता ही नोंद आणि मघाचा १६० चा आकडा समोरासमोर ठेवून पाहावा. दोन्हींत उबदार स्थितीतला दर अपेक्षेपेक्षा कमी आहे. एका ठिकाणी त्याला काटकसर म्हटले आहे, दुसऱ्या ठिकाणी ताण. केवळ श्वसनमापकाच्या कागदावरून या दोहोंत निवाडा करता येत नाही. जो प्राणी आपली यंत्रणा नव्या तापमानाला साजेशी करून घेतो आणि जो प्राणी प्राणवायूचा पुरवठा कमी पडल्याने किंवा अन्य इजेमुळे मंदावतो, त्या दोघांचे विश्रांतीचे दर सारखेच दिसू शकतात. निवाडा करायचा तर सोबत आणखी काही पाहावे लागते: प्राण्याची भूक टिकून आहे का, वजन वाढते आहे का, पाठलाग करून थकवल्यावर त्याचा दर विश्रांतीच्या दराच्या किती पट चढतो, आणि थंड तापमानात परत नेल्यावर तो पूर्वस्थितीवर येतो का. काटकसर करणारा प्राणी यांपैकी बहुतेक कसोट्यांवर उतरतो आणि दबलेला उतरत नाही.

मेटकाफीच्या बाबतीत रिडेल आणि सहकाऱ्यांनी बदललेल्या दरांचा अर्थ ऊर्जेच्या शिलकीवरून लावला, म्हणजे मोजलेले बदल प्राण्याची शिलक धन ठेवण्याच्या दिशेने आहेत का, हे पाहिले. विश्रांतीच्या एका आकड्यावर थांबण्यापेक्षा ही कसोटी निश्चितच चांगली आहे. मात्र शिलक काढताना जमेची बाजूही तितक्याच काळजीने मांडावी लागते, आणि ती बाजू चयापचयापेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून आहे.

जमेची बाजू आणि पाणी

हा सॅलमँडर किती खाईल हे त्याला रात्री किती वेळ बाहेर थांबता येते यावर ठरते, आणि ती वेळ त्वचेतून पाणी किती वेगाने उडते यावर ठरते. ठरावीक प्रमाणात पाणी गमावले की तो शिकार सोडून बिळात परततो. पाणी उडण्याचा वेग हवेच्या कोरडेपणावर, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांच्या दाबांतील तफावतीवर अवलंबून असतो.

येथे एक साधी आकडेमोड पुष्कळ काही सांगून जाते. १२ अंशांना हवेचा संपृक्त बाष्पदाब सुमारे १.४० किलोपास्कल असतो. सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के असेल तर प्रत्यक्ष बाष्पदाब १.३३ आणि तफावत केवळ ०.०७ किलोपास्कल. आता हवेत नवे बाष्प न मिसळता तिचे तापमान १६ अंश झाले, तर संपृक्त बाष्पदाब १.८२ होतो आणि तफावत ०.४९ किलोपास्कलवर जाते, म्हणजे जवळजवळ सातपट. याच चार अंशांत, क्यू-१० २.४ धरला तरी, चयापचयाचा दर फक्त १.४ पट होतो. प्रत्यक्षात जंगलातील जमीन व पाने बाष्प सोडत असल्याने तफावत इतकी वाढत नाही, आणि बाष्पीभवनामुळे ओल्या प्राण्याचे शरीर हवेपेक्षा किंचित थंडही राहते. पण दोन वक्रांच्या चढातील फरक त्यामुळे पुसला जात नाही. ऊब वाढते तेव्हा या प्राण्याचा खर्च हळू वाढतो आणि कमाईची वेळ झपाट्याने आटते.

यावरून माझे मत असे झाले आहे की फुप्फुसहीन सॅलमँडराच्या तापानुकूलनाची चर्चा केवळ चयापचयाच्या दरावर थांबवली तर प्रकरणाचा लहान अर्धाच भाग हाती येतो. चयापचयातील ४० टक्के भरपाई विश्रांतीच्या खर्चात जेवढी बचत देईल, तिच्यापेक्षा त्वचेचा रोध, म्हणजे पाणी बाहेर जाऊ न देण्याची तिची क्षमता, थोडासा वाढून मिळालेला शिकारीचा जादा वेळ कितीतरी मौल्यवान ठरू शकतो.

त्वचेचा रोध वाढतो का, आणि वाढत असेल तर कोणत्या संकेतावर, हे रिडेल यांच्याच गटाने २०१९ मध्ये मेटकाफीवरच प्रसिद्ध केलेल्या कामात तपासले. पाणी वाचवण्याच्या तयारीसाठी कोरडी हवा हा संकेत असेल असे कोणालाही वाटेल. प्रयोगांत मात्र तापमान हा महत्त्वाचा संकेत निघाला. वरची आकडेमोड पाहिली की यात नवल वाटत नाही: बिळात दडलेल्या प्राण्याभोवतीची हवा नेहमीच दमट असते, त्यामुळे बाहेरच्या कोरडेपणाची बातमी त्याला आर्द्रतेतून मिळणे कठीण, माती तापली की मात्र ती बातमी बिळातही पोहोचते. जनुकांच्या अभिव्यक्तीच्या विश्लेषणात मूलपेशींचे विभेदन आणि रक्तवाहिन्यांची घडण यांच्याशी निगडित जनुकांचे नियमन पुन्हा पुन्हा समोर आले. त्यावरून संशोधकांनी असे सुचवले की हा प्राणी त्वचेतील केशवाहिन्यांचे जाळे काही अंशी मोडतो आणि गरजेनुसार पुन्हा उभारतो. तुटलेला पाय किंवा शेपूट परत उगवण्यासाठी प्रसिद्ध असलेली सॅलमँडरांची पुनर्जननशक्ती येथे हंगामी कामकाजासाठी वापरली जात असावी, ही कल्पना मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत लक्षवेधी वाटते.

पण केशवाहिन्या कमी झाल्या तर प्राणवायू कुठून येणार? पाण्याची हानी आणि वायूंची देवाणघेवाण यांतील ही ओढाताण रिडेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मधील दुसऱ्या एका लेखात स्वतंत्रपणे मांडली आहे आणि अधिवास योग्य आहे की नाही यावर तिचा परिणाम होतो असे दाखवले आहे. चयापचयाचा विषय येथे पुन्हा मुख्य धाग्याशी जुळतो. उबेत सरावलेल्या प्राण्याचा विश्रांतीचा दर कमी आढळला, तर ती पेशींनी केलेली काटकसर असेल, त्वचेने पाणी वाचवताना पुरवठा आखडल्याचा परिणाम असेल, किंवा दोन्ही एकत्र असतील. विश्रांतीच्या वेळी प्राणवायूची गरज अल्प असते, त्यामुळे आखडलेला पुरवठाही बहुधा पुरतो. कसोटी लागते ती मागणी चढते तेव्हा: पोटभर खाल्ल्यानंतरच्या पचनात, शत्रूपासून पळताना, मादीच्या शरीरात अंडी तयार होत असताना. पाणी वाचवून मिळवलेला शिकारीचा वेळ अशा मागणीच्या वेळी किती कामी येईल, हे विश्रांतीच्या दरातून कळत नाही.

आणखी एक गोष्ट यातून निघते. चयापचय कमी होणे आणि त्वचेचा रोध वाढणे हे दोन स्वतंत्र बदल समजून प्रतिमानात वेगवेगळे घातले, तर प्राण्याला दोन्हींचा पूर्ण लाभ मिळाल्यासारखे दिसते. ते एकाच केशवाहिन्यांच्या बदलातून निघत असतील, तर एकाची कमाल दुसऱ्याला बांधलेली असते. चयापचय आणि रोध एकाच प्राण्यावर, एकाच बैठकीत मोजण्याचा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

७२ टक्क्यांचा अर्थ

२०१० च्या पद्धतीत प्राण्याच्या शरीराला जागा नव्हती. आज तो जिथे सापडतो तिथले हवामान म्हणजेच त्याची मर्यादा, असे गृहीत धरून त्या हवामानाचा पट्टा उद्या कुठे सरकेल हे पाहिले जाते. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेत हा पट्टा वर सरकतो, आणि वर जागा थोडी आहे: रांगेतील सर्वांत उंच माउंट मिचेल शिखरही केवळ २,०३७ मीटर उंच आहे. त्यामुळे नकाशांवरील चित्र निराशाजनक येणे क्रमप्राप्त होते.

२०१८ च्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक रात्री प्राण्याला किती वेळ बाहेर थांबता येईल, तो किती खाईल आणि किती खर्च करेल, याची बेरीज केली जाते. जिथे वर्षाची शिलक धन राहते ती जागा राहण्याजोगी ठरते. लवचीकतेशिवाय आणि लवचीकतेसह, म्हणजे शरीर व वर्तन परिस्थितीनुसार बदलण्याची क्षमता न धरता आणि धरून, अशा दोन बेरजा करून त्यांची तुलना केली तेव्हा धोका ७२ टक्क्यांनी घटला, विशेषतः जातीच्या वसतिक्षेत्राच्या गाभ्यात. हा आकडा एकाच प्रतिमानाच्या दोन आवृत्त्यांमधला फरक आहे, हे विसरून चालणार नाही. १०० पैकी ७२ सॅलमँडर वाचतील, किंवा ७२ टक्के डोंगर सुरक्षित राहतील, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय त्यात चयापचय, पाण्याची हानी आणि हवा पाहून बाहेर न पडण्याचे वर्तन हे सारे एकत्र आहे. श्रेय एकट्या चयापचयाच्या तापानुकूलनाला देणे चुकीचे होईल.

माझ्या दृष्टीने या कामाचे मोल आकड्यापेक्षा पद्धतीत आहे. प्राण्याची लवचीकता शून्य मानणे हेही एक गृहीतक आहे आणि तेही पुराव्याशिवाय केलेले असते, ही गोष्ट या तुलनेने ठळक केली.

प्रयोगशाळेतून डोंगरावर

तापानुकूलनाच्या बहुतेक प्रयोगांत प्राणी स्थिर तापमानात ठेवले जातात. डोंगरावर तापमान स्थिर नसते, आणि चयापचयाचा वक्र वाकडा असल्याने चढउतारांतील दरांची सरासरी आणि सरासरी तापमानावरचा दर हे एक नसतात. क्यू-१० २.४ असलेला प्राणी अर्धा वेळ १० आणि अर्धा वेळ २० अंशांत राहिला, तर त्याचा सरासरी खर्च कायम १५ अंशांत राहणाऱ्या प्राण्यापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त येतो. तापमानवाढीबरोबर चढउतारही वाढले तर हा जादा खर्च वाढतो. वक्राचा चढ मंदावण्याच्या रूपात तापानुकूलन झाले असेल तर तो काही प्रमाणात आटोक्यात राहतो, आणि मघाच्या दोन शक्यतांमधला भेद येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. बदल पूर्ण व्हायला लागणारा काळही असाच निर्णायक आहे. केशवाहिन्या मोडणे-उभारणे हे आठवड्यांचे काम असेल, तर हंगामाच्या संथ बदलाला ते पुरेसे आहे. चार दिवसांच्या उष्णतेच्या लाटेला नाही.

मेटकाफीवरून इतर जातींबद्दल बोलताना तर अधिकच जपून बोलावे लागेल. डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये असा विचार मांडला होता की जो प्राणी वर्षभर जवळजवळ सारख्याच तापमानात राहतो, त्याला तापमानाच्या फरकाशी जुळवून घेण्याची क्षमता मर्यादित असते. ट्रिशिया मार्कल आणि केनेथ कोझॅक यांनी २०१८ मध्ये प्लेथोडॉन प्रजातीच्या सॅलमँडरांची तुलना केली तेव्हा अरुंद क्षेत्रात राहणाऱ्या, ठरावीक तापमानाला बांधलेल्या जातींमध्ये तापानुकूलनाची क्षमता कमी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ज्या जातींना लवचीकतेची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याकडेच ती कमी आहे. एखाद्याच शिखरसमूहावर उरलेल्या जातीसाठी मेटकाफीचे प्रतिमान जसेच्या तसे वापरणे मला धोक्याचे वाटते.

आणि खुद्द मेटकाफीतही सारे प्राणी सारखे नाहीत. रिडेल आणि सहकाऱ्यांच्या, ७२ टक्क्यांचा आकडा देणाऱ्या २०१८ च्या अभ्यासातच असे दिसले की तापमानवाढीचा सर्वाधिक शारीरिक ताण पिल्लांवर येऊ शकतो. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो, त्यामुळे त्याच हवेत पिल्लू प्रौढापेक्षा लवकर सुकते. वजनाच्या दर ग्रॅममागे त्याचा चयापचय जास्त असतो आणि शेपटीतला साठा कमी. मोठ्या सॅलमँडराला ज्या रात्री तासभर शिकार करता येते, त्या रात्री पिल्लाला काही मिनिटांत माघारी फिरावे लागते. प्रजननक्षम होण्याआधी काही वर्षे त्याला याच हिशेबात काढायची असतात. अभ्यासकांनी पिल्लांवरील हा घातक ताण कमी करू शकतील असे काही शारीरिक बदलही आपल्या विश्लेषणातून दाखवून दिले आहेत. एखाद्या डोंगरउतारावरील वस्तीचे भवितव्य अंदाजायचे असेल, तर प्रौढांच्या त्वचेचा रोध आणि विश्रांतीचा दर यांवर उभारलेली बेरीज त्या वस्तीला प्रत्यक्षाहून सुरक्षित दाखवील; मोजणी त्या वर्षी अंड्यातून निघालेल्या पिल्लांपासून, उन्हाळ्याच्या सर्वांत कोरड्या आठवड्यांत सुरू करायला हवी.